पहिली-दुसरीच्या वर्गात घराला सोबत कसं घ्यायचं

कोणत्याही केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत, ‘पालक लक्षच देत नाहीत’ हे वाक्य एकदा तरी कानावर पडतंच. मी यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीच्या पट्ट्यात पहिली-दुसरीला शिकवते, आणि मला हे वाक्य पटत नाही. पहाटे उठून भाकरी टाकायच्या, पाणी भरायचं, लेकराची वेणीफणी करून त्याला शाळेच्या वाटेला लावायचं आणि मग रोजीनं निंदायला जायचं, हे जी बाई रोज करते तिचं लेकराकडे लक्ष नाही असं कसं म्हणायचं? वर्गात जे चाललंय त्यात आपण नेमकं काय करायचं, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. ‘घरी अभ्यास घेत जा’ असं आपण सांगतो आणि मोकळे होतो. जिला वाचता येत नाही तिनं अभ्यास घ्यायचा म्हणजे काय करायचं?

हा लेख जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या पहिली-दुसरीच्या शिक्षकांसाठी आणि अंगणवाडीच्या ताईंसाठी आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ३ ते ८ ही वयं एका पायाभूत टप्प्यात आणली. म्हणजे अंगणवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी हे आता एकच काम आहे. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानानं तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं असं लक्ष्य ठेवलं. शाळेच्या पाच-सहा तासांत हे एकट्या शिक्षकाच्यानं होत नाही, विशेषतः दोन शिक्षकी शाळेत, जिथे एका खोलीत दोन-तीन वर्ग बसलेले असतात.

पुढे जे सांगणार आहे त्याचा गाभा दोन गोष्टींत आहे. घराकडून जे मागायचं ते घराला जमणारं असावं. आणि घरून जे आलं ते दुसऱ्या दिवशी वर्गात वापरलं जावं. पहिली गोष्ट बरेच शिक्षक करतात, दुसरी राहून जाते. मूल घरून आजीची गोष्ट घेऊन आलं आणि ती कुणी विचारलीच नाही, तर आठवड्याभरात आजी गोष्ट सांगणं सोडते. घरचा उत्साह टिकतो की विझतो हे तिथंच ठरतं.

आधी घरं बघा

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरच्या आठवड्यात उघडतात. त्याच्या आधीचे आणि नंतरचे काही दिवस घरभेटीसाठी राखून ठेवा. दुपारी गेलात तर घरी म्हाताऱ्या माणसांशिवाय कुणी भेटणार नाही. सांजच्याला, दिवेलागणीनंतर जा. जेवणाची वेळ मात्र टाळा.

सुरुवात गावाच्या कोणत्या टोकाकडून करता याला फार महत्त्व आहे. पाटलाच्या वाड्यापासून निघून वेळ उरला तर शेवटी पारधी बेड्यावर, कोलाम पोडावर किंवा तांड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या वस्त्यांवर, जायचं, असं करू नका. उलट्या टोकाकडून निघा. आणि जिथे जाल तिथे चहा घ्या. बाईंनी कुणाच्या घरचा चहा घेतला आणि कुणाच्या घरी ‘आत्ताच झाला’ म्हटलं, हे रात्रीच्या आत गावभर होतं. ज्या घरचं पाणी आपण पीत नाही त्या घरानं आपलं ऐकावं ही अपेक्षा कशी करायची?

पहिल्या भेटीत कागद काढू नका. आधार, बँक खातं, जन्मदाखला ही कामं करावी लागतातच, पण ती दुसऱ्या दिवशी. पहिल्याच भेटीत कागद मागितले की ती भेट सरकारी होते आणि घर त्याच सुरात उत्तरं देतं. मी बसल्यावर आधी मुलाविषयी विचारते. याला काय आवडतं? घरी कुणाजवळ झोपतो? कोणाचं ऐकतो? कशाला भितो? घरात काय काम करतो? यातून जे कळतं ते कोणत्याही पायाभूत चाचणीत दिसत नाही. वर्गात तोंड न उघडणारा मुलगा घरी शेळ्या मोजून गोठ्यात घालतो, एक कमी असली तर कोणती ते सांगतो, हे मला घरभेटीतच कळलं. मग पहिलं अधिक-उणे त्याच्याबरोबर शेळ्यांवरूनच केलं.

प्रत्येक मुलामागे वहीत एक पान ठेवा. त्यावर एवढंच लिहा: घरात कोणती भाषा बोलतात, संध्याकाळी मुलाजवळ कोण असतं, घरातली मोठी माणसं काय काम करतात, फोन कुणाच्या खिशात असतो, मूल कशात हुशार आहे. घरची भांडणं, कर्ज, कुणाचं पिणं यातलं काहीही लिहू नका. ज्या घरातला कर्ता माणूस गेलाय तिथे प्रश्न विचारायची घाई करू नका. बसा, मुलाविषयी चांगलं काही असेल ते सांगा, परत या.

शेतीचं वेळापत्रक पाहून शाळेचं आखा

पालकसभेला कुणी आलं नाही अशी तक्रार करण्याआधी सभा कोणत्या दिवशी होती ते बघावं. जून-जुलैत पेरणी आणि डोबणी, म्हणजे बी टोचून लावणं. मग पोळ्यापर्यंत निंदण, खत, डवरणी. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सोयाबीनची सोंगणी. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून थेट जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत कापसाची वेचणी, मधेच तूर. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाची रोवणी जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हा बाया दिवसभर बांधीत वाकलेल्या असतात. त्याच भागात मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला पहाटेच अख्खं घर जंगलात जातं आणि मे महिन्यात तेंदूपत्ता.

या दिवसांत दुपारी बाराची सभा म्हणजे एका बाईची दिवसाची रोजी बुडवणं. त्यापेक्षा पाऊस पडून वावरात चिखल झाला की दुसऱ्या दिवशी कामं बंद असतात, तो दिवस पकडा. आठवडी बाजाराच्या दिवशी बऱ्याच गावांत रोजी नसते, तोही सोयीचा. पोळा, तान्हा पोळा, भुलाबाई (मुली-बायांचा गाण्यांचा सण), दिवाळीआधीची चार-आठ दिवसांची उसंत या वेळा माणसं घरी असण्याच्या. वर्षाच्या सुरुवातीला गावातल्या दोन-तीन जाणत्या बायांना विचारून हे लिहून काढा. वर्षभराचं पालकांचं नियोजन त्यावरच उभं राहील.

पहिली बैठक अंगणात

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये पालघरकडच्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत हे बघून त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. आज गावोगावी जी अंगणवाडी दिसते तिचं मूळ तिथे आहे. पालकांच्या बाबतीतही हाच मार्ग लागू पडतो. शाळेच्या कार्यालयात टेबलाच्या पलीकडे आपण आणि अलीकडे पालक असे बसलो की बाया पदर तोंडाशी धरून बसतात आणि ‘आमाले काय समजते म्याडम’ यापलीकडे बोलत नाहीत. तीच बाई तिच्या ओट्यावर तासभर बोलते.

म्हणून प्रत्येक वस्तीत एक अंगण निवडा. पाच-सात घरांची एक बैठक करा, सगळ्या गावाची एक नको. शाळापूर्व तयारी मेळाव्यांपासून माता-पालक गट ही रचना बऱ्याच गावांत आहे. नसेल तर शेजारणींचे गट आपसूक असतातच, तेच धरा. वेळ अर्ध्या तासाच्या वर जाऊ देऊ नका.

बैठकीत भाषण नको. मी थोडे तुरीचे दाणे घेऊन जाते आणि एका मुलाला पुढे बोलावते. तो दाणे ओततो, दहा-दहाचे ढीग करतो, ढीग मोजतो, उरलेले मोजतो आणि आकडा सांगतो. मग म्हणते, ‘हे तुमच्या घरी होईल का?’ तेवढ्यानं काम होतं. अभ्यास घ्यायचा म्हणजे काय हे त्या क्षणी दिसतं, आणि ते आपल्याला जमेल हेही.

ज्या मुलाला येत नाही त्याला इथे उभं करायचं नाही. कुणाच्याही मुलाची तुलना करायची नाही. आणि एखादा बाप तिथेच ओरडला, ‘याले काहीच येत नाही म्याडम, हाणा याले,’ तर हसून विषय टाळू नका. मुलासमोरच सांगा की त्याला अमुक येतं, मी पाहिलं आहे. मुलाला ते ऐकू आलं पाहिजे.

घरी द्यायचं काम

घरच्या कामाला माझ्या चार अटी आहेत. दहा मिनिटांत व्हावं. त्यात मोठ्यांना लिहावं-वाचावं लागू नये. काही विकत आणावं लागू नये. आणि हातातलं काम चालू असताना करता यावं, म्हणजे शेंगा सोलताना, भाकरी टाकताना, जनावरांना कुटार टाकताना. या चारांत न बसणारं काम मी देत नाही.

गणितापासून सुरू करणं सोपं, कारण शेतकऱ्याचं घर मोजमापानं भरलेलं असतं. जानेवारीत तुरीच्या शेंगा घरात आल्या की एका मुलीच्या घरी मी संध्याकाळी बसले होते. आजी चुलीजवळ शेंगा सोलत होती. नात दाणे मोजायला लागली, एकोणतीसपर्यंत आली आणि अडखळली. आजीला आकडा लिहिता येत नाही. तिनं दाणे परत पसरले आणि म्हणाली, ‘एवढे एकदम काहून मोजतं वं? दहा झाले का बाजूले सार.’ दोन ढीग झाले, नऊ दाणे उरले. नातीनं तिसऱ्या ढिगासाठी एक दाणा मागितला. आजीनं शेंग फोडून दिला. तीस. दशक म्हणजे काय हे मी फळ्यावर कितीदा काढलं होतं, पण त्या एका दाण्यानं तिला ते कळलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी तिच्याकडूनच सगळ्यांना ते करून घेतलं आणि ‘आजीची रीत’ असं नाव दिलं. आजीला हे घरी कळलं. पुढचं सांगायला नको.

मराठी आकड्यांची एक अडचण पालकांनाही पडते. अडतीस म्हणताना आठ आधी येतो, लिहिताना तीन आधी लिहायचा. मुलं ३८ च्या जागी ८३ लिहितात ती यामुळे. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘तीस आठ’ अशी वाचनाची जोड दिली तेव्हा बराच वाद झाला, आणि घरोघरी प्रश्न आला की नेमकं कोणतं शिकवायचं. पालकांना सांगा की दोन्ही म्हणा: ‘तीस आठ, म्हणजे अडतीस.’ आणि म्हणताना समोर तीन ढीग आणि आठ दाणे असू द्या.

वेचणीच्या दिवसांत तर गणिताचं पुस्तक बाजूला ठेवलं तरी चालेल. संध्याकाळी कापूस काट्यावर चढतो आणि प्रत्येकीचे किलो सांगितले जातात. मुलानं एवढंच करायचं: आईचे किती, आत्याचे किती, ते लक्षात ठेवून यायचं. सकाळी फळ्यावर आकडे. आई ३८, आत्या ४२. कुणी जास्त वेचला? किती जास्त? दोघींचा मिळून किती? ज्यांची आई वेचायला जात नाही त्यांनी दुधाचं माप, कोंबड्यांची अंडी, दुकानातली नाणी आणावी. एक काळजी घ्या, फळ्यावर मजुरीचे रुपये लिहू नका. कुणाचे किती किलो यावरून चिडवाचिडवी होऊ लागली तर नावं पुसून नुसते आकडे ठेवा.

तुराट्या तोडून त्यांचे दहाचे जुडगे बांधणं, चिंचोके, सरकी, सीताफळाच्या बिया हे सगळं याच कामाचं. साहित्य पेटीतलं प्लॅस्टिकचं सामान हरवलं तर हाल होतात, सरकी काही गावातून संपत नाही.

भाषेसाठी घराकडून तीन गोष्टी मागा. पहिली, गोष्ट. आजीची, मामाची, कोणतीही, भुताची असली तरी. मूल वर्गात येऊन ती सांगेल, तुम्ही तिची दोन-तीन वाक्यं फळ्यावर लिहाल, मुलाच्या शब्दांत. ‘माही आजी वावरात गेली. तिथं कोल्हा आला.’ ही वाक्यं वर्गातली सगळी मुलं वाचतात, कारण ती कुणाची आहेत ते त्यांना माहीत असतं. तेच वाक्य कागदावर लिहून घरी पाठवा. पहिलीच्या मुलानं आजीला तिचीच गोष्ट वाचून दाखवणं, यासारखं वाचनाचं काम मला दुसरं माहीत नाही.

दुसरी, क्रम. आंबील कशी केली, पोळ्याला बैल कसे सजवले, शेवया कशा केल्या. आधी काय, मग काय, शेवटी काय. घरच्यांनी काम करताना तोंडानं सांगत राहायचं, एवढंच. मूल वर्गात चार चित्रं काढतं आणि सांगतं.

तिसरी, शब्द. रोज घरून एक शब्द. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, भुईमुगाला फल्ली, शेताला वावर, बैलगाडीला बंडी. भिंतीवर दोन रकाने करा, एक घरचा शब्द, एक पुस्तकातला. घरचा शब्द चूक म्हणून खोडायचा नाही. मुलाला दोन्ही येऊ द्यात. आपण ‘वावर नाही, शेत म्हण’ असं टोकलं की मूल फक्त गप्प होतं, आणि घरी आईलाही तेच सुनावतं.

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिकण्याचा विचार, नई तालीम, तिथून पुढे आला. सेवाग्राम आपल्यापासून लांब नाही. घरातलं काम आणि वर्गातलं शिक्षण जोडायचं हा विचार या मातीत जुनाच आहे, त्यासाठी वेगळं प्रशिक्षण येईपर्यंत थांबायची गरज नाही.

घर वर्गात येतं तेव्हा

महिन्यातून एकदा एक माणूस वर्गात बोलवा. भाषणासाठी नाही, काहीतरी करून दाखवण्यासाठी. अर्धा तास पुरे. माणूस निवडताना ज्याला गावात सहसा कुणी व्यासपीठावर बोलवत नाही त्याच्यापासून सुरुवात करा.

तान्हा पोळा याला सगळ्यात सोयीचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी नंदी घेऊन निघतात, त्याच्या आधीच्या आठवड्यात गावातल्या सुताराला बोलवा. आमच्याकडे आलेल्या काकांना आदल्या दिवशी भेटून मी सांगितलं होतं की मुलांना मोजू द्या. त्यांनी रंधा मारलेला ठोकळा मुलांच्या हाती दिला. मुलांनी नंदीची लांबी वितीनं मोजली, कुणाची दोन वीत आली, कुणाची अडीच. वाद झाला. सुतारकाका म्हणाले, ‘हात लहानमोठे हायेत नं, म्हणून फुटपट्टी लागते.’ प्रमाणित मापाची गरज का पडली हा धडा तिथेच झाला. वर्गात त्यांचाच नातू होता. तो त्या दिवसापासून पुढच्या रांगेत बसायला लागला.

भाद्रपदात पौर्णिमेपासून भुलाबाई बसते. आया, मोठ्या बहिणी यांना गाण्यांसाठी बोलवा. गाणी झाल्यावर डबा हलवून खिरापत ओळखायची असते, तो तर वर्णनाचा तयार खेळ आहे. गोड आहे का? गोल आहे का? दळावं लागतं का? पहिलीची मुलं अशा प्रश्नांतून जितकी वाक्यं बोलतात तितकी पाठावरच्या प्रश्नांना कधी बोलत नाहीत.

पावसाळ्यात एखाद्या आजीला रानभाज्या घेऊन बोलवा. तरोटा, अंबाडी, पानांचे आकार, कोणतं पान कसं लागतं. वडिलांना विसरू नका. बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ कशी ओवायची, दोरी कशी वळायची, मोटरसायकलचं चाक कसं काढायचं हे बाप आनंदानं दाखवतात. ‘आई-पालक’ एवढंच डोक्यात ठेवलं तर निम्मं घर बाहेर राहतं.

पाहुण्याची तयारी आधी करावी लागते. काय दाखवायचं, मुलांनी हातानं काय करायचं, कोणते दोन प्रश्न विचारायचे, हे आदल्या दिवशी बोलून घ्या. पाहुण्यांना मुलांच्या बरोबरीनं खाली बसवा, आणि तुम्हीही खाली बसा. हार-नारळ-शाल करू नका, पुढच्या वेळी ज्याला बोलवाल तो त्या थाटानंच घाबरेल. दुसऱ्या दिवशी मुलांनी काढलेली चित्रं त्यांच्या घरी पोचती करा.

फोन

व्हॉट्सअॅपचा गट चालतो, पण त्याच्यावर सगळं टाकू नका. फोन बहुतेक बापाच्या खिशात असतो आणि तो रात्री घरी येतो. कधी रिचार्ज नसतो, कधी रेंज नसते. लांब मजकूर आणि पीडीएफ पाठवण्यात अर्थ नाही. आवाजातला निरोप पाठवा, अर्ध्या मिनिटाचा, घरच्या बोलीत. उदाहरणार्थ: ‘दुसरीच्या सगळ्या मायबापाहो, आज जेवताना लेकराले एकच विचारा, ताटात किती चीजा हायेत अन् त्यातली वावरातून कोणती आली. उद्या शाळेत मी विचारीन.’ आणि उद्या खरंच विचारा.

ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी शेजारचं मूल निरोप्या ठरवून द्या. उपस्थितीची तक्रार, कुणाच्या मुलाची चूक, फीचा किंवा वर्गणीचा विषय गटावर कधीच टाकायचा नाही. मुलांचे फोटो टाकण्याआधी घरच्यांना विचारा.

मराठी घरची भाषा नसेल तेव्हा

कोलामी, गोंडी, माडिया, मेळघाटात कोरकू, तांड्यावर गोरबोली. या घरांतलं मूल पहिल्या दिवशी वर्गात आलं की त्याला आजूबाजूचं निम्मं कळत नाही, आणि आपण त्याला ‘मंद’ म्हणून मोकळे होतो. असं कोणतंही मूल मंद ठरवण्याआधी त्याच्या आईला वर्गात बसवून त्याच्या भाषेत तोच प्रश्न विचारायला लावा. मला यानं अनेकदा वेगळंच उत्तर मिळालं आहे.

पन्नास-साठ शब्द स्वतः शिका: ये, बस, पाणी, भूक, दुखतं का, किती, दाखव, छान. आईकडून शिका, चुकीचं बोला, तिला हसू द्या. ते हसणं शिक्षक आणि घर यांच्यातलं अंतर जितकं कमी करतं तितकं दुसरं काही करत नाही. वरच्या वर्गातली मुलं दुभाषी म्हणून घ्या. शब्दभिंतीवर तिसरा रकाना काढा. आणि पालकांना ‘घरी मराठी बोला’ असं सांगू नका. आईनं तिला न येणाऱ्या भाषेत तुटक बोलण्यापेक्षा तिच्या भाषेत भरभरून बोलणं मुलाच्या कामाचं आहे. ज्याला एका भाषेत गोष्ट सांगता येते त्याला दुसरीत सांगायला शिकवता येतं.

कामासाठी गाव सोडणारी घरं

दिवाळीनंतर वीटभट्टी, ऊसतोड, शहरातलं बांधकाम यासाठी घरं बाहेर पडतात. ती जाणार हे घरभेटीतच कळतं, म्हणून जाण्याआधी भेटा. आजी-आजोबांजवळ मूल राहू शकतं का, हंगामी वसतिगृहाची सोय होईल का हे बोला. जातच असेल तर शिक्षण हमी कार्ड, म्हणजे दुसऱ्या गावच्या शाळेत मुलाला घ्यावं यासाठीचं कार्ड, हातात द्या आणि ते जिथे जातील तिथल्या शाळेत दाखवायचं हे समजावून सांगा. सोबत एक लहान पिशवी: वाचायची चार पानं, त्याच्याच गोष्टीची, पाटी, चार खडू. आणि आठवड्यातून एकदा फोन. पाच मिनिटं मुलाशी बोला, तिथं काय दिसलं ते विचारा. परत आल्यावर त्याचं नाव हजेरीत आहे आणि त्याची जागा रिकामी ठेवली आहे हे त्याला दिसू द्या.

प्रगती कशी सांगायची

श्रेणीचा कागद हातात देऊन सही घेणं म्हणजे प्रगती सांगणं होत नाही. मुलाची वही घ्या. जुलैमधलं एक पान आणि आजचं एक पान शेजारी ठेवा. वाचता न येणाऱ्या आईलाही फरक दिसतो: रेघोट्या होत्या, आता अक्षरं ओळीत बसली. मग एक गोष्ट सांगा जी त्याला येते, आणि एक जी पुढच्या महिन्यात यायला हवी, आणि त्यासाठी घरी करायचं एक काम. तीनच वाक्यं. त्याच्यापुढे गेलात तर घरी काहीच पोचत नाही.

हे मुलाला सोबत घेऊन करा. पहिलीचं मूल स्वतःची वही आईला दाखवतं तेव्हा बरंच काही तेच सांगतं. मूल मागे पडत असेल तर तेही सरळ सांगा, पण एकांतात, आणि मारू नका हे स्पष्ट शब्दांत सांगून. ऐकू कमी येतंय, दिसत कमी आहे असा संशय असेल तर आधी तपासणी. फळ्यावरचं न दिसणाऱ्या मुलाला आळशी म्हणण्याचा अन्याय फार होतो.

व्यवस्थापन समितीकडून काय घ्यायचं

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. बऱ्याच ठिकाणी ही समिती सह्यांपुरती उरते. तिला शिकण्याशी जोडायचं असेल तर प्रत्येक बैठकीत पहिली दहा मिनिटं मुलांना द्या. दोन मुलं येऊन वाचून दाखवतील, एक गणित करेल. मग खिडकी, नळ, खिचडीचे विषय. समितीतल्या पालकांना एकेक वस्ती वाटून द्या: निरोप पोचवणं, संध्याकाळी समाजमंदिरात तासभर दिवा आणि सतरंजी असेल हे बघणं, मोठ्या मुलांकडून लहानांना वाचून दाखवण्याची बैठक चालू ठेवणं. हे काम गावाला नक्की जमतं.

चाललंय की नाही हे कशावरून ओळखायचं

सभेची उपस्थिती मोजू नका. मी या गोष्टी बघते: सकाळी मूल येताच ‘बाई, माह्या आजीनं सांगितलं का...’ असं सुरू करतं का? रस्त्यात भेटलेली आई मुलाच्या शिकण्याबद्दल स्वतःहून काही विचारते का? गेल्या महिन्यात एकदाही ज्यांच्या घरून काही आलं नाही अशी मुलं कोणती? ही शेवटची यादी दर महिन्याला करा आणि पुढच्या घरभेटी तिथूनच सुरू करा. बोलक्या घरांकडून भरपूर येतं म्हणून आपण खूश राहतो आणि गप्प घरं वर्षभर गप्पच राहतात.

पहिल्या वर्षी सगळं एकदम करायला जाऊ नका. घरभेटी, एक अंगणबैठक आणि घरून येणारा रोजचा एक शब्द, एवढं जमलं तरी वर्ग बदलतो. पाहुणे आणि वाचनाची बैठक दुसऱ्या वर्षी.

आणि बदलीचा आदेश आला तर ती पानापानाची वही कपाटात कोंबून जाऊ नका. नव्या शिक्षकाला घेऊन एक संध्याकाळ गावात फिरा, उलट्या टोकाकडून, आणि प्रत्येक अंगणात ‘आता हे तुमचे सर’ अशी ओळख करून द्या. वही त्यांच्या हातात द्या आणि ज्या घरांतून अजून काही येत नाही त्या पानांचे कोपरे दुमडून ठेवा, म्हणजे सुरुवात कुठून करायची ते त्यांना दिसेल.